औषधाचा ड्रम

कुंभवली,
२४ ऑक्टोबर २०२५

अंगण झाडून झालं होतं. उकड काढून ताटाखाली झाकली होती. नळ सहाला येतो आणि पावणेसातला जातो, म्हणून तवा ठेवायच्या आधी मी पाणी भरायला घेतलं. चार हंडे ड्रममध्ये ओतले, पाचवा मोरीत ठेवला. लेकीचा, तेजलचा, डबा भरायचा होता, वाल रात्रीच सोलून ठेवले होते. तुझे भावजी पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होते. कुंपणाकडचं गवत कापायचं होतं. मी म्हटलं, "आधी चहा घ्या." ते म्हणाले, "धार तापली की मधी सोडायची नाय." असं काही नसतं. चहा गार झाल्यावर प्यायची त्यांना सवय, आणि त्याला रोज नवं कारण. मी हसले, गाळणी धुवायला वळले, तेवढ्यात तुझ्या गाडीचा आवाज आला.

रूपेश, ती सकाळ तेरा डिसेंबर दोन हजार तेवीसची. बुधवार होता. तेव्हापासून मी रोज ती सकाळ पहिल्यापासून करते, आणि गाळणीपाशी थांबते.

काल भाऊबीज झाली. भाऊ लांब असला तर चंद्राला ओवाळायचं, असं आई सांगायची. मी ताट केलं, संध्याकाळी अंगणात गेले आणि तशीच परत आले. तू लांब नाहीस. तू तुरुंगात आहेस, आणि तुझ्या खटल्यात पहिली साक्षीदार मी आहे.

साक्ष वीस नोव्हेंबरला आहे. सरकारी वकिलांनी बजावलंय की आरोपीला निरोप नाही, पत्र नाही. म्हणून लिहीन ते तांदळाच्या डब्यात ठेवीन आणि साक्ष झाल्यावर एकदम टाकीन. त्या डब्यात आधीपासून एक कागद आहे. त्याच्याबद्दल आज नाही लिहीत.

आज त्या सकाळचं लिहिते, कारण तू पोलिसांना वेगळंच सांगितलंस.

त्या पावसाळ्यात तुझ्या कंपनीचा टँकर नाल्यात सांडपाणी सोडताना भावजींनी पकडला होता. ते काही साधे नव्हते. ड्रायव्हरला खाली ओढून इतकं मारलं की त्याचे दोन दात चिखलात पडले. तो "साहब, मैं तो नौकर हूँ" म्हणत राहिला आणि हे मारत राहिले. माझ्यावरही त्यांनी दोनदा हात उचलला होता, तुला माहीत आहे. मग त्यांनी सरकारकडे तक्रारीचा अर्ज केला. त्यात कंपनीचं नाव होतं आणि शिफ्टचा सुपरवायझर म्हणून तुझं.

तू गाडी स्टँडवर लावली नाहीस, भिंतीला टेकवलीस. 

"या, या, टँकरसाहेब," ते म्हणाले. "आज काय सोडायला आलात?"

"भावजी, अर्जातनं माझं नाव काढा. कंपनीचं ठेवा, माझं काढा."

"नाव तुझ्या बापानं ठेवलंय. मी कसा काढू?"

"मस्करी नका करू. मला पुढं करून वरचे मोकळे होतील."

"मासे उलटे पडले तेवा कोणी पुढं नव्हतं केलं तुला. आपणच उभा होतास ना बॅटरी घेऊन?"

"पाया पडतो, भावजी."

"पड की. वाकलास की लाथ घालायला बरं."

आणि तू खरंच वाकलास. त्यांनी कोयता पायरीवर ठेवला आणि तुझ्या छातीत लाथ घातली. तू मागे पडलास. उठलास तेव्हा कोयता तुझ्या हातात होता. पोलिसांना तू सांगितलंस की झटापटीत लागला. झटापट झालीच नाही. पहिला घाव पायरीवर बसला, दगडातून ठिणगी उडाली. दुसरा त्यांच्या नडगीवर बसला, ओला बांबू चिरावा तसा. तिसऱ्यासाठी तू हात वर नेलास तेव्हा मी वरवंटा फेकला. तो तुझ्या खांद्याला लागला, पण मी नेम डोक्यावर धरला होता. हे मीही पोलिसांना सांगितलेलं नाही.

तात्यांनी, माझ्या मोठ्या दिरांनी, नंतर तुला आंब्याला बांधून बांबूनं फोडलं. तू "ताय, ताय" ओरडत होतास. मी भावजींच्या पायाला लुगडं गुंडाळत होते. ऐकू येत होतं.


१ नोव्हेंबर

नऊ टाके पडले होते. हाडाला चीर नव्हती. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत गवत कापाल. भावजी त्यांना म्हणाले, "मेव्हण्यानं गवतच समजून कापलं मला." घरी आल्यावर गोळ्या वेळेवर दिल्या. जखम मी रोज धूत होते, स्वच्छ पाण्यानं.

अकराव्या दिवशी टाक्यांतून हिरवा पू आला. त्याला गोड वास होता, पिकून उतरलेल्या द्राक्षांसारखा. तेराव्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत काळा-तांबडा झाला. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं रोज टेबलावर घेऊन सडलेलं मांस खरवडून काढायचे. भूल पुरी पडायची नाही. चौघं जण धरायचे, पाचवी मी. एकदा ते माझ्या मनगटाला चावले आणि दात रुतले तरी मी धरलेलं सोडलं नाही. वण अजून आहे. पाच जानेवारीला पाय गुडघ्याखाली कापला. चौदाला मांडीतून. कापलेला पाय कुठे गेला, ते विचारत होते. मी म्हटलं, जपून ठेवलाय.

तिथं डॉक्टर मेघाली म्हणून एक तरुण बाई होती. तिला मी विचारलं, एवढ्या सुया देता, एकही लागू का पडत नाही? इतर डॉक्टर "इन्फेक्शन आहे" एवढंच म्हणायचे. ही खुर्ची ओढून बसली. मी म्हटलं, मराठीत सांगा आणि खरं सांगा. तिनं सांगितलं, बाकीचं मी पुस्तकांतून मिळवलं.

तू अकरा वर्षं त्याच जातीची औषधं बनवलीस. मी कधी विचारलं की आत नेमकं काय होतं, तर म्हणायचास, "ताय, आपण काटा बघायचा. आत काय चाललंय ते पायपांना ठाऊक." आता मी सांगते, ऐक.

जंतू म्हणजे पाण्यानं तट्ट भरलेली पिशवी. कातडं साबणाच्या फुग्यासारखं पातळ, आणि आत दाब स्कूटरच्या टायरमधल्या हवेएवढा. नुसत्या कातड्यावर तो एक क्षण टिकायचा नाही. म्हणून तो स्वतःभोवती जाळं विणतो. बाबा सातपाटीच्या बोटीवाल्यांची जाळी शिवायचे, तसंच. साखरेचे लांब धागे, आणि त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या आडव्या गाठी. जंतूला वाढायचं असतं, तेव्हा जाळंही वाढावं लागतं. एका बाजूनं जुने धागे कापायचे, दुसऱ्या बाजूनं नवा धागा घालून गाठ मारायची. दोन्ही कामं एकदम चालतात.

पेनिसिलिनच्या कुळातलं औषध त्या गाठ मारणाऱ्या हाताला जाऊन चिकटतं. ते धाग्याच्या टोकासारखंच दिसतं, म्हणून हात त्याला पकडतो, आणि मग हाताची सुटका नाही. गाठ बसत नाही. कापणारे मात्र कापत राहतात, त्यांना कोणी थांबवलेलं नसतं. जाळं उसवतं, एका भोकातून आतलं कातडं बाहेर फुगतं आणि जंतू फुटतो. औषध फक्त हात धरतं. मारतं ते त्याचं स्वतःचं पाणी.

माणसाच्या पेशीला जाळं नाही. म्हणून त्या औषधाला आपल्यात धरायला हातच सापडत नाही. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, कोणीतरी विचार करून केलंय.

पण भावजींच्या पायातल्या जंतूंना बाहेरून आणखी एक चरबीचं कातडं होतं, आणि त्याची भोकं त्यांनी बारीक करून घेतली होती. त्यातूनही औषध आत शिरलंच, तर त्याचे तुकडे करायला त्यांच्याकडे कात्री होती. एकामागून एक चार औषधं दिली, सगळी जाळ्यावर चालणारी. चारही वाया गेली. शेवटचं औषध होतं कोलिस्टिन. ते जाळ्याच्या वाटेला जात नाही. साबण तेलात शिरावा तसं ते सरळ चरबीच्या कातड्यात शिरतं आणि फाडतं. आतलं सगळं बाहेर सांडतं. पण ते आपल्या मूत्रपिंडांनाही सोडत नाही. तीन दिवस ताप उतरला. चौथ्या दिवशी लघवी बंद झाली. एकवीस जानेवारीला, रविवारी सकाळी, ते गेले.

त्याच्या आदल्या दिवशी मेघाली मला म्हणाली, "मावशी, हे जंतू नवखे नाहीत. औषधात भिजत वाढलेले आहेत. तुमच्या घरात एवढं औषध आलं कुठून?"

मी म्हटलं, मला काय माहीत.


८ नोव्हेंबर

आज तात्या आले होते. ओटीवर बसले, पाणी मागितलं, प्याले नाहीत.

"काय सांगायचं ते ठरलं ना?" ते म्हणाले.

"पाहिलं ते सांगायचं."

"पाहिलं तेवढंच. घाव, रक्त, मरण. डॉक्टरीण बाईसारखं पुस्तक नाय वाचायचं तिथं."

"विचारलं तर सांगावं लागेल."

"जमुना, देवू माझ्या पाठचा. त्याला मी खांद्यावर बसवून जत्रेला नेलाय. तुझ्या भावाला फाशी नाय झाली नि तुझ्या तोंडनं एक शब्द इकडचा तिकडं झाला, तर या घरात पाय ठेवायचा नाय. घर माझ्या नावावर हाय."

तेजल आतून म्हणाली, "काका, पाणी ठेवलंय, प्या ना." ते उठून गेले.

ते वाईट नाहीत. देवूच्या, म्हणजे भावजींच्या, तेराव्याला जेवणाचं पान समोर असताना ते भिंतीवर डोकं आपटत होते, रक्त येईपर्यंत. त्यांना एक माणूस हवा आहे, ज्याच्यावर ते सगळं घालता येईल. मलाही तसाच हवा होता.

तुझी सातवीची पुस्तकं आठवतात? मला चौथीतून काढलं, कारण तुला सांभाळायचं होतं. तू शाळेतून आलास की मी तुला जेवायला वाढायची आणि तू जेवेपर्यंत तुझी पुस्तकं वाचायची. तू मुद्दाम हळू जेवायचास. मला आधी ते कळलं नव्हतं. एकदा आई म्हणाली, "हा एवढा वेळ काय चघळतोय?" आणि तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. शास्त्राचं पुस्तक मी त्या भातावर वाचून काढलं. आज जे काही मला कळतं, ते तिथून सुरू झालं. म्हणून पुढचं तुला सांगायला मला जास्त जड जातं.

दोन हजार बावीसच्या भाऊबीजेला तू निळा ड्रम आणलास. त्याआधीही दोन आणले होतेस, ते फुटून गेले, पण हा मोठा, लोखंडी कड्याचा. मी ओवाळलं, तू ताटात पाकीट टाकायच्या ऐवजी अंगणाकडे बोट केलंस. "ही घे ओवाळणी." झाकण उघडलं तर कडेला पांढरा थर चिकटलेला. मी म्हटलं, हे धुवायला हवं. तू म्हणालास, "धुतेस कशाला? औषधाचा ड्रम हाय, ताय. पाणी किडणार नाय, उलट तुमी सगळी ठणठणीत ऱ्हाल."

सगळे हसले. भावजी सगळ्यात मोठ्यानं हसले. तेव्हा तुमचं चांगलं होतं.

मीही हसले. पण मी ते खरं मानलं.


१५ नोव्हेंबर

आता कागदाचं लिहिते.

भावजी गेल्यावर मेघाली घरी आली होती. तिनं विहीर, नळ, हंडे, ड्रम, सगळीकडचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. मे महिन्यात कागद आला. विहिरीत काही नाही, नळात काही नाही. ड्रमच्या पाण्यात तीच जंतूंची जात, आणि त्याच चार औषधांना न जुमानणारी. औषधाचा अंशही सापडला. तिनं फोनवर सांगितलं, "मावशी, पायातले ते इथूनच गेले असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. पण माझं मत विचाराल तर तेच." मी कागदाची घडी केली आणि तांदळात खुपसली. ड्रम घराच्या मागे उलटा घातला. तेजलला सांगितलं, तडा गेलाय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की ड्रममध्ये चार हंडे ओतले. दुसऱ्यात लिहिलं की जखम स्वच्छ पाण्यानं धुतली. दिसायला ते पाणी स्वच्छच होतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही मिळून खोटं आहे.

तू धुवू नको म्हणालास, मी धुतला नाही. आणि त्याच्यापुढेही गेले. ड्रम मी कधी पूर्ण रिकामा केला नाही. दह्याचं भांडं आपण खरवडून धूत नाही, विरजणापुरतं ठेवतो, तसं मी तळाला तांब्या-दोन तांबे जुनं पाणी ठेवायची. औषध उतरून जाऊ नये म्हणून. आतल्या भिंतीला बुळबुळीत थर धरला होता. मला वाटलं, औषधाची साय आहे. तेजलला म्हणायची, घासू नको गं, तेच तर कामाचं.

औषध रोज थोडं थोडं कमी होत गेलं असेल. जंतू मरायला ते पुरेसं नव्हतं, शिकायला पुरेसं होतं. जे फुटले ते फुटले, ज्यांच्याकडे कात्री होती ते राहिले, आणि त्यांना मी रोज सकाळी चार हंडे ताजं पाणी दिलं. विरजण मी लावलं, रूपेश.

आणि भावजींना टाके पडले तेव्हा दवाखान्यातून सांगितलं होतं, एक दिवसाआड मलमपट्टीला या. ते म्हणाले, रिक्षात पाय ठणकतो. मी म्हटलं, कशाला जायचं, आपल्याकडे औषधाचं पाणी आहे की. मी तळाचं पाणी घेतलं. वरचं नाही. मुद्दाम हात कोपरापर्यंत बुडवून तळाचं काढलं, त्यात फडकं पिळलं आणि टाक्यांवर ठेवलं. रोज दोन वेळा, अकरा दिवस. तुझा घाव एकदा बसला. माझा बावीस वेळा.

दीड वर्ष हे मी कोणाला सांगितलं नाही. तू आत आहेस, हे मला बरं वाटायचं. ताप असला की थंड भिंतीला गाल लावावा, तसं.

आज हे लिहायला बसले ते नवसीमुळे. शेजारची नवसी, जिच्या मुलीच्या लग्नात तू रात्रभर खुर्च्या लावत होतास. तू कुंभवलीत तेरा घरांत असे ड्रम दिलेस, तिच्याकडेही एक आहे. सकाळी तिच्याकडे कढीपत्ता मागायला गेले, तर ती ओटीवर बसलेली, हात ड्रममध्ये घातलेला.

"तेल उडालं गं चार दिसांमागं," ती म्हणाली. "बघ कसा फोड आलाय. औषधाच्या पाण्यात धरलं की बरं वाटतं."

मी तिचं मनगट धरून ओढलं. ती किंचाळली. फोड फुटला होता, आणि मला तो वास आला. द्राक्षांचा.

"सोड! येडी झालीस काय? तूच तर सांगितलंस मला, तळातलं घे म्हणून!"

मीच सांगितलं होतं. तिला, आणि बारा घरांना.

मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ती वाटेत मला चापट्या मारत होती. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, तिच्या देखत. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुला कवापासनं माहीत हाय?"

मी म्हटलं, मे महिन्यापासून. गेल्या वर्षीच्या.

ती माझ्या तोंडावर थुंकली. मी पुसलं नाही, घरी येईपर्यंत.


१९ नोव्हेंबर

उद्या साक्ष आहे. थोडक्यात लिहिते.

तेजलला संध्याकाळी सगळं सांगितलं. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला काहीतरी फेकून मारेल. ती भाकरी भाजत होती. भाजत राहिली. दोन भाकऱ्या झाल्यावर म्हणाली, "फडकं तू पिळायचीस. पाणी तांब्यानं मीच ओतायची."

"तुला माहीत नव्हतं."

"तुला तरी कुठं होतं?"

मग म्हणाली, "मामाला माहीत होतं?"

हा प्रश्न मी दीड वर्ष स्वतःला विचारते आहे. ड्रममध्ये काय होतं ते तुला माहीत होतं. ते पोटात, जखमेत गेल्यावर काय होईल ते माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग कोयत्याचं काय होईल, ते माहीत होतं ना?"

"होतं."

"मग दोन्ही सांग," ती म्हणाली. तवा उतरवताना तिचा हात भाजला. तिनं त्यावर हंड्यातलं नळाचं पाणी तांब्यानं ओतलं. बराच वेळ.


सरावली,
२२ नोव्हेंबर

तू तिथंच होतास, ऐकलंस. पण तुझं डोकं खाली होतं, म्हणून लिहिते.

सरकारी वकिलांनी विचारलं, कोयता कोणी मारला. मी तुझ्याकडे बोट केलं. चुकून की जाणून, म्हणाले. मी म्हटलं, जाणून, तिसऱ्यांदाही हात वर गेला होता, मी डोळे पाहिले. ते म्हणाले, बस, एवढंच. मी म्हटलं, अजून आहे. ते म्हणाले, ताई, विचारलं तेवढंच सांगा. न्यायाधीश बाई म्हणाल्या, बोलू द्या त्यांना.

मी तांदळातला कागद काढून दिला. त्यावर पीठ होतं. मी ड्रमचं सांगितलं, विरजणाचं, फडक्याचं. बावीस वेळा म्हटलं. वरवंट्याचा नेम डोक्यावर होता, तेही सांगितलं.

तेव्हा तू पिंजऱ्यातून ओरडलास, "ताय, गप ऱ्हा! तुला आत घेतील!"

पोलिसानं तुला खाली दाबलं. दोन वर्षांत तुझा आवाज पहिल्यांदा ऐकला. आंब्याला बांधला होतास तेव्हाचाच होता, फक्त या वेळी तू स्वतःसाठी ओरडत नव्हतास. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, हे इतके दिवस का लपवलंत? मी म्हटलं, मला तो फासावर हवा होता. आणि मला स्वतःला घरी बसून रडायला हवं होतं, निर्दोष. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

तुझ्या वकिलाचा चेहरा उजळला. तो म्हणाला, म्हणजे मृत्यू घावामुळे नाहीच. मी म्हटलं, घाव नसता तर धुवायला जखम कुठली? तो खाली बसला. आता तुझं काय होईल, माझं काय होईल, मला माहीत नाही. पुढची तारीख डिसेंबरात आहे. मेघालीला बोलावणार आहेत, आणि कंपनीतून ड्रम बाहेर कसे आले तेही विचारणार आहेत. विचारतील तेव्हा वरच्यांची नावं सांग. भावजींच्या अर्जावर ती नव्हती, कारण त्यांना ती ठाऊक नव्हती. तुला ठाऊक आहेत.

मी तुला माफ केलेलं नाही. हात उचलून मी तुला काही देऊ शकत नाही, शिवी नाही, आशीर्वाद नाही. पण तू हळू जेवायचास, ते मला काल दिवसभर आठवत होतं.

कोर्टातून परत आलो तर तात्यांनी आमचं सामान बाहेर काढलं होतं. गाद्या, भांडी, माझी पुस्तकं गोणीत, देवूचा फोटो वर नीट ठेवलेला. मागचा तुझा ड्रमही रस्त्यावर फेकला होता. तात्या दारात उभे होते. मी वाकून नमस्कार केला, ते आत गेले. इथं सरावलीत तेजलच्या मैत्रिणीची खोली आहे, तिथं आलो. त्याच संध्याकाळी तेजलनं तेरा घरांत फोन केले, मेघालीनं सांगितलं होतं तसं: ड्रमात ब्लीचिंग पावडर टाका, रात्रभर ठेवा, कोणी हात घालू नका. काहींनी फोन आपटला. तीन घरं म्हणाली, तुझी आई येऊन सांगू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंभवलीला गेले. नवसीनं बांधलेल्या हातानं दार उघडलं, शिव्या दिल्या आणि मग कुऱ्हाड दिली. मी घरोघरी जाऊन सांगितलं आणि आमचा धरून चौदाही ड्रम आडवे करून त्यांचे तळ फोडले. आधी आपला फोडला.